न हरलेल्या देशाचा आतला हिशेब

इथिओपियाचे नाव निघाले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अजूनही १९८४ सालचे चित्र उभे राहते. वाळलेली माणसे, पोटे फुगलेली मुले आणि मदतीच्या गोण्यांपुढची रांग. त्या एका चित्राने एका फार जुन्या देशाचा चेहरा झाकून टाकला. खरे तर मराठी मुलखाची या देशाशी ओळख चारशे वर्षांहून जुनी आहे. आपण ज्यांना हबशी म्हणतो त्यांचा मुलूख हाच. हबश म्हणजे ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. निजामशाहीचा कर्ता कारभारी मलिक अंबर तिथे जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहाती फिरत दख्खनेत पोहोचला. त्याने खडकी वसवली, जमीनमहसुलाची घडी बसवली, मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. हे सारे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण तो आला त्या देशात माणसे विकली का जात होती, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. मला वाटते, इथिओपियाचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात या प्रश्नापासूनच करायला हवी.

देशाचे मोठेपण आधी पाहू, कारण ते खरोखरच मोठे आहे. उत्तरेकडच्या अक्सुमच्या राजांनी सोन्याची नाणी पाडली, तांबड्या समुद्रावरचा व्यापार सांभाळला. चौथ्या शतकात एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा युरोपचा बराचसा भाग अजून ख्रिस्ती व्हायचा होता. सातव्या शतकात मक्केत छळ सोसणाऱ्या पहिल्या मुसलमानांना याच ख्रिस्ती राज्याने आसरा दिला. पुढे लालिबेला येथे अखंड खडक वरून खाली कोरत अकरा चर्चे उभी राहिली. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या माणसाला हे काम काय असेल, ते वेगळे सांगायला नको. त्यांची लिपीही स्वतःची. एकेका व्यंजनाची स्वरांनुसार सात रूपे, म्हणजे जवळजवळ आपली बाराखडीच.

मग आला १८९६ चा अदवा. त्याआधी १८८९ मध्ये सम्राट दुसरा मेनेलिक आणि इटली यांच्यात एक तह झाला होता. त्याच्या सतराव्या कलमात अम्हारिक प्रतीत म्हटले होते की, परराष्ट्र व्यवहारासाठी सम्राट इटलीची मदत घेऊ शकेल. इटालियन प्रतीत मात्र ती घेणे बंधनकारक होते. एका क्रियापदाच्या फेरफाराने एक देश गिळण्याचा हा डाव होता. मेनेलिकने तह धुडकावला. साऱ्या प्रांतांतून फौजा गोळा झाल्या, सम्राज्ञी तायतू स्वतः रणात उतरली, आणि १ मार्च १८९६ रोजी इटलीच्या सैन्याचा धुव्वा उडाला. युरोपीय सत्ता आफ्रिकेची वाटणी करत असताना एका आफ्रिकी देशाने त्यांच्यातल्या एकीला मैदानात लोळवले होते. १९३५ मध्ये मुसोलिनीने विषारी वायू घेऊन त्याचा सूड उगवला. सम्राट हेले सेलासी यांनी १९३६ साली जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे दाद मागितली, पण कोणी मदतीला आले नाही. ती पाच वर्षांची परकी सत्ता १९४१ मध्ये उखडली गेली. त्या मोहिमेत शेजारच्या एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर जे भारतीय जवान लढले, त्यांत मराठा पलटणही होती. १९६३ मध्ये आफ्रिकी एकता संघटनेची स्थापना अदिस अबाबात झाली, त्यामागे अदव्याची ही पुण्याई होतीच.

पण या वैभवाची दुसरी बाजूही आहे. ज्या मेनेलिकने इटलीला रोखले, त्यानेच त्याच काळात त्याच बंदुकांनी दक्षिणेकडचे ओरोमो, सिदामा, कफ्फा असे मुलूख जिंकून साम्राज्य दुप्पट-तिप्पट केले. जिंकलेल्या प्रांतांतले शेतकरी उत्तरेकडून आलेल्या शिपायांची आणि सरदारांची कुळे झाले. गुलामगिरी कायद्याने पुरती बंद व्हायला १९४२ साल उजाडावे लागले. हेले सेलासींच्या काळात शाळा आणि कचेरी यांची भाषा अम्हारिक ठरली, आणि संख्येने सर्वांत मोठ्या असलेल्या ओरोमो समाजाच्या मुलांना स्वतःच्या भाषेत शिकण्याची सोय उरली नाही. म्हणजे अदव्याच्या रणात सारे लागले, विजयानंतरच्या वाटपात मात्र सारे नव्हते.

दुष्काळ याच हिशेबाचा भाग आहे. १९७३ साली वोलो प्रांतात माणसे मेली, तेव्हा देशातले एकूण धान्य फारसे घटले नव्हते. घटली होती ती गरिबाची धान्य विकत घेण्याची ताकद. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या दुष्काळाशेजारी वोलोचे उदाहरण ठेवले, ते यासाठीच. राजधानीत दरबार थाटात चालू होता. १९७४ मध्ये लष्कराने सम्राटाला पदच्युत केले आणि ‘देर्ग’ नावाची लष्करी समिती सत्तेवर आली. तिने १९७५ मध्ये जमीनदारी मोडली, हे तिचे खरे श्रेय. पण मेंगिस्टू हेले मरियमच्या राजवटीत ‘लाल दहशती’च्या नावाखाली हजारो तरुण मारले गेले. आणि १९८४ मध्ये, जगाने ते चित्र पाहिले त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, राजधानीत क्रांतीचा दहावा वाढदिवस डामडौलात साजरा होत होता. दुष्काळाचा तडाखा सर्वांत मोठा बसला तो तिग्राय आणि वोलोला. बंडखोरांशी तिथे लढाई चालू होती, आणि धान्य हेही लढाईचे हत्यार झाले होते. पाऊस कमी पडणे हे निसर्गाच्या हाती असते. माणसे मरू द्यायची की नाही, हे सरकार ठरवते.

१९९१ मध्ये मेंगिस्टू पळाला. बंडखोर सत्तेवर आले, १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला. १९९५ पासून लागू झालेल्या घटनेने देशाची रचना भाषिक व वांशिक समूहांवर केली. प्रथम नऊ राज्ये होती, आता ती बारा आहेत. ३९ व्या कलमाने तर प्रत्येक समूहाला फुटून निघण्याचाही हक्क दिला. माझे मत असे की, या रचनेचा मूळ हेतू योग्य होता. ओरोमो मूल ओरोमो भाषेत शिकू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. पण दोन चुका झाल्या. राज्य ‘कोणाचे’ हे लिहून ठेवल्यावर त्याच राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे इतर लोक उपरे ठरले. आणि कागदावर विभागलेली सत्ता प्रत्यक्षात एकाच आघाडीच्या मुठीत राहिली. २००५ च्या निवडणुकीनंतर निदर्शकांवर गोळ्या चालल्या. २०१८ साली मोठ्या आंदोलनांनंतर अबिय अहमद पंतप्रधान झाले. एरिट्रियाशी समेट केल्याबद्दल २०१९ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्रायमध्ये युद्ध पेटले. दोन वर्षांनी प्रिटोरियात करार झाला, तोवर बळींचा अंदाज लाखांत गेला होता. २०२३ मध्ये अम्हारा भागात पुन्हा बंदुका निघाल्या. अदवा हे गाव तिग्रायमध्येच आहे. ज्या डोंगरांत सारे प्रांत परक्याविरुद्ध एकवटले होते, तिथेच १२४ वर्षांनी देशाची फौज देशाच्याच माणसांवर चालून गेली.

एवढे वाचून कोणी म्हणेल, हे लोक एकत्र राहणारच नाहीत. मला ते पटत नाही. त्यांच्या घरात डोकावावे. तेफ या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली, आपल्या आंबोळीची थोरली बहीण शोभेल अशी इंजेरा एका मोठ्या ताटात पसरतात आणि सगळे त्याच ताटात जेवतात. जिव्हाळ्याच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवतात, त्याला ‘गुरशा’ म्हणतात. उपवासाला मांस, दूध, अंडी वर्ज्य. मग हरभऱ्याच्या पिठाचे शिरो शिजते, जे चाखून आपल्याला पिठल्याचीच आठवण व्हावी. कॉफी ही या देशाने जगाला दिलेली देणगी. पाहुण्यासमोर हिरवे दाणे भाजून, कुटून, मातीच्या सुरईसारख्या भांड्यात ती उकळतात आणि तीनदा वाढतात. तिसऱ्या पेल्याचे नाव ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद. तो घेतल्याशिवाय उठायचे नसते. ख्रिस्ती घर असो की मुसलमान, हा रिवाज दोन्हीकडे.

आणि राज्यकारभाराचाही धडा त्यांना बाहेरून आणायला नको. ओरोमोंची ‘गदा’ ही जुनी व्यवस्था आहे. तिच्यात दर आठ वर्षांनी सत्ता एका वयोगटाकडून दुसऱ्याकडे जाते. मुदत संपली की पुढारी पायउतार होतो. स्त्रियांना त्या पदांवर स्थान नव्हते, ही तिची उणीव. पण सत्ता ही मुदतीची ठेव आहे, हे तिने शतकानुशतके शिकवले. आधुनिक इथिओपियात मात्र सम्राट उलथवला गेला, हुकूमशहा पळाला, एक पंतप्रधान पदावर असताना वारला, दुसऱ्याने राजीनामा दिला. मतपेटीने कोणी खाली उतरला नाही. २०२५ मध्ये नाईलवरचे प्रचंड धरण पुरे झाले. त्याचे रोखे शिक्षकांनी, कारकुनांनी, परदेशी राबणाऱ्या मजुरांनी घेतले होते. एकत्र येऊन पैसा उभा करणारी ही माणसे एकत्र बसून सत्तेचाही निवाडा करू शकतील, असे मला वाटते. अट एकच. धरणाची वीज आणि राज्याची सत्ता यांतला आपला वाटा प्रत्येकाला घरी पोहोचलेला दिसला पाहिजे. अदव्याच्या विजयाचे ते राहून गेलेले वाटप आहे.