बोंडअळीची साक्ष

माकडाचा माणूस झालेला कोणी पाहिला आहे काय, असा सवाल करून केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत अशास्त्रीय ठरविला. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा प्रतिवाद केला. परंतु अधिक बोलका प्रतिवाद मराठवाड्याच्या शेतांतच उभा होता. नुकत्याच सरलेल्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस फस्त केला होता. बीटीच्या विषाने बहुतेक अळ्या मरत. ज्या थोड्या ते मुळातच पचवू शकत, त्या उरल्या आणि त्यांचीच प्रजा वाढत गेली. बिगरबीटी कपाशीच्या ओळी कडेने लावण्याचा नियम फारसा कोणी पाळला नाही, त्यामुळे हे अधिकच लवकर घडले. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. (१८३८ साली डार्विनला ती सुचली माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचताना; आम्हा अर्थशास्त्राच्या शिक्षकांना एवढा अभिमान क्षम्य असावा.)

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गळाली. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहेच, हे त्याचे समर्थन. राज्य मंडळाने २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात तिला पहिल्याच धड्यात स्थान दिले, हे बरे केले. भोंगवलीसारख्या गावातील किती मुले बारावीला जीवशास्त्र घेतात? उद्या पिकावर औषध फवारणाऱ्या मुलाला, गेल्या सालचे औषध यंदा का लागू पडत नाही, हे दहावीत सांगितले नाही तर सांगणार कोण? दुकानदार तर दुप्पट मात्रा घ्यायला सांगेल.