पँथर घेतला, दवाखाना सोडला

सूतगिरणीत कापसाची धूळ खाणाऱ्यानं अमेरिकेवर लिहू नये, असं आपल्याच एका शिकलेल्या मित्रानं मला मालवणच्या एसटी स्टँडवर ऐकवलं. त्याचं म्हणणं, तू गिरणीवर लिही, वाडीवर लिही, कविता कर. अमेरिका वगैरे प्राध्यापकांचं काम. त्याला इंग्रजी लागतं. मी म्हटलं, दोस्ता, माझ्या छातीत बसलेल्या धुळीला पासपोर्ट लागत नाही. ती इथं आणि तिथं एकच आहे. तेव्हा लिहितो. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या त्यांनी खुशाल काढाव्यात. मुद्दा खोडून दाखवावा, मग बोलू.

माझा आजोबा मुंबईत गिरणीत होता. १९८२ च्या संपानं त्याला एक ट्रंक आणि एक खोकला देऊन मालवणात परत पाठवलं. ट्रंक अजून घरात आहे. खोकला त्याच्याबरोबर गेला. मी इचलकरंजीच्या बाजूला सूतगिरणीत आहे, कार्डिंग खात्यात, ठेकेदाराच्या हाताखाली. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पहिल्या पाळीला छाती आवळते. मंगळवारी जरा सैल होते. आम्ही म्हणतो, सोमवार लागला. डॉक्टरी पुस्तकात त्याला बिसिनोसिस म्हणतात. कायद्याच्या यादीत हा आजार आहे. आमच्या खात्यात त्याचं नाव कुणी काढत नाही. नाव काढलं की भरपाई आली.

आता अमेरिका बघा. तिथल्या कॅरोलिना राज्यांतल्या कापडगिरण्यांत हाच सोमवार लागायचा. मालक म्हणायचे, सिगरेटी ओढता म्हणून खोकता. १९७५ मध्ये तिथल्या म्हाताऱ्या, धापा टाकणाऱ्या कामगारांनी संघटना काढली. नाव ठेवलं 'ब्राऊन लंग'. म्हंजे तपकिरी फुप्फुस. आजारालाच झेंडा केला त्यांनी. १९७८ मध्ये सरकारला गिरणीतल्या धुळीवर नियम करावा लागला. मालक सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८१ मध्ये हरले. आणि तीच अमेरिका पुढं काय करते? एप्रिल २०२५ मध्ये कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणारी जी सरकारी संस्था, तिच्यातल्या बहुतेक लोकांना घरी बसवायच्या नोटिसा काढते. एक कोळसा कामगार कोर्टात भांडला, तेव्हा काहींना परत घ्यावं लागलं.

म्हणून म्हणतो, अमेरिका दोन आहेत. एक मालकाची, एक धापा टाकणाऱ्याची. आपल्या पोरांना फक्त पहिली ठाऊक आहे. मोबाईलवर रात्रभर ट्रम्पच्या बाजूनं आणि ट्रम्पच्या विरुद्ध भांडतात, आणि स्वतःच्या गावच्या उपकेंद्रात नर्स आहे का, हे त्यांना माहीत नाही.

हे मी कुठल्या अधिकारानं बोलतो, ते सांगतो.

दोन पावसाळ्यांमागं माझी काकी लावणीला गेली. दुसऱ्याच्या शेतात, रोजावर, चिखलात, पायाच्या भेगा उघड्या. ताप आला. काकी म्हणाली, "माका काय्येक झालां नाय. लावणी आटपांदे." तो लेप्टो होता. उंदराच्या, गुरांच्या मुतातून शेताच्या पाण्यात उतरतो आणि भेगांतून रक्तात शिरतो. लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. कोकणात शाळेतल्या पोराला माहीत आहे हा आजार. तिसऱ्या दिवशी काकीचे डोळे पिवळे झाले. उपकेंद्राला कुलूप. पुढच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी. जीप केली, खाजगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरच्या पोरानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, आमचं हॉस्पिटल यादीत नाही, डिपॉझिट भरा. तिथून पुन्हा जीप. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर काकी जीपमध्येच गेली.

कार्ड तिच्या पिशवीत होतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं. माझी आये ते कार्ड हातात घेऊन बसली होती. ती मला म्हणाली, "कार्डार जोतिबांचा नाव आसा मा? मगे ह्यां चलणा नाय कित्याक?"

दोस्तांनो, ह्या प्रश्नाचं उत्तर शोधत शोधत मी अमेरिकेपर्यंत पोचलो. हौस म्हणून नाही.

अमेरिका हा जगातला सगळ्यात मोठा कार्डवाला देश. तिथं तुमचा आजार डॉक्टर बघतो, पण इलाज करायचा का नाही हे विमा कंपनी ठरवते. दवाखाना यादीत आहे का, औषध यादीत आहे का, अशीच तिथली भाषा. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका विमा कंपनीच्या बड्या साहेबाला गोळी घातली गेली, आणि हजारो माणसं हळहळायच्या ऐवजी आपापल्या नाकारलेल्या बिलांचे कागद काढून बसली. माणूस मारून दवाखाना उघडत नाही, हे मी इथं रोखठोक लिहून ठेवतो. पण एवढा राग लोकांत कुठून साठला, हे ज्याला समजत नाही त्याला राजकारण समजत नाही. गरिबांसाठी तिथं मेडिकेड नावाची सरकारी योजना आहे. ४ जुलै २०२५ ला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, ट्रम्पनं सही केली त्या कायद्यानं तिच्यावर मोठी कात्री चालवली. त्यांच्याच संसदेच्या हिशेब कचेरीचा अंदाज असा की २०३४ पर्यंत आणखी सुमारे १ कोटी माणसं विम्याबाहेर पडतील. श्रीमंतांना करात सूट आणि गरिबांना दवाखान्यातून सुट्टी.

आणि आपलं सरकार नेमकं हेच दुखणं कौतुकानं घरात आणतंय. दवाखाना बांधायचा नाही, डॉक्टर नेमायचा नाही, कार्ड वाटायचं. कार्डावर पाच लाखांचा आकडा आणि आपल्या महापुरुषाचं नाव. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, २०१७ मध्ये तिला फुल्यांचं नाव दिलं. आपण टाळ्या पिटल्या. नाव आपलं, पैसा खाजगी हॉस्पिटलाचा, मरण काकीचं.

कुणी म्हणेल, विमा तर बाबासाहेबांच्याच काळात आला. हो, आला. बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असताना १९४३ मध्ये अडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करायला नेमलं गेलं. त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. पण त्या कार्डाच्या पाठीमागं विटा होत्या, खाटा होत्या, पगारी डॉक्टर होता. मालकाला पैसे भरायला लावून कामगारांचे दवाखाने बांधले गेले. आताच्या कार्डामागं फक्त यादी आहे.

यादीबाहेरच्या माणसाचं काय होतं, हे दोडामार्गाला विचारा. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीचा माणूस पिढ्यान् पिढ्या बांबोळीला जात आला. जानेवारी २०१८ पासून गोव्याच्या सरकारनं परराज्यातल्या रुग्णांना तिथं पैसे लावले. मार्चमध्ये दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. मी गोव्याला एकट्याला शिव्या देत नाही. आपला जिल्हा १ मे १९८१ ला झाला आणि ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज यायला चाळीस वर्षं लागली. शेजाऱ्यानं दार लावलं तेव्हा आपल्याला आपल्या घराला दारच नाही हे कळलं.

आता लसीचं. ह्यावर आपल्यातच घोळ आहे, म्हणून जरा थांबून बोलतो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. १९३२ पासून तिथं सरकारी आरोग्य खात्यानं उपदंश झालेल्या ३९९ काळ्या माणसांना नुसतं न्याहाळत ठेवलं. पेनिसिलिन निघालं, सगळ्या जगाला मिळालं, ह्यांना मुद्दाम दिलं नाही. आजार माणसाला कसकसा खातो, ते गोऱ्या डॉक्टरांना बघायचं होतं. चाळीस वर्षं! १९७२ मध्ये वर्तमानपत्रांनी हे उघड्यावर आणलं. तेव्हा तिथला काळा माणूस सरकारी सुईकडं संशयानं बघतो, त्यात त्याचा दोष नाही. आपल्या वाडीतही कोविडच्या वेळी म्हातारी माणसं म्हणाली, आम्हांला आधी टोचतात म्हंजे कायतरी डाव असणार. ज्याला पाणवठ्यावर शिवू दिलं नाही तो एकदम विश्वास कसा ठेवील?

पण संशय घेणं वेगळं आणि लस नाकारणं वेगळं. टस्कीगीत गुन्हा औषध दिल्याचा नव्हता, औषध न दिल्याचा होता. हे आपल्या मोबाईलवाल्या क्रांतिकारकांनी पाठ करावं. अमेरिकेनं २००० मध्ये गोवर संपल्याचं जाहीर केलं होतं. २०२५ मध्ये टेक्सासात ७६२ जणांना गोवर झाला आणि लस न घेतलेली दोन शाळकरी पोरं मेली. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यानं, रॉबर्ट केनेडी ज्युनिअरनं, लसींवर सल्ला देणाऱ्या समितीतल्या सगळ्या १७ जणांना एका फटक्यात काढलं. लस हाताशी असून लाथाडायची, ही भरल्या पोटाची मस्ती आहे.

आणि आमच्याकडं? जानेवारी २०१६ मध्ये दोडामार्गातल्या केर गावात माकडताप आला. पुढच्या वर्षी बांद्याकडं सरकला. मेलेल्या माकडाच्या अंगावरची गोचीड चावते आणि काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करणारी बाई तापानं पडते. बागेचा मालक पडत नाही, तो बागेत वाकतच नाही. ह्या तापावर एक जुनी लस होती. तिचा जोर कमी पडला, म्हणून २०२२ मध्ये ती बंद केली. नवी लस लवकर आणा म्हणून आपल्यापैकी किती जणांनी एक अर्ज तरी केला? अमेरिकेच्या लसीवर शंभर मेसेज, आपल्या माकडतापावर एक नाही.

आता दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. टस्कीगी उघडकीला आली त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं. ते घेतलं हे थोरच झालं. पण त्या ब्लॅक पँथरनं नुसती मूठ वळली नव्हती. १९७० पासून त्यांनी शाखा तिथं फुकट दवाखाना असा हुकूमच काढला. १९७१ पासून सिकलसेलच्या तपासण्या लावल्या, कारण तो आजार काळ्यांचा म्हणून सरकार त्याला विचारत नव्हतं. हाच सिकलसेल विदर्भात आपल्या बौद्ध आणि आदिवासी पोरांच्या रक्तात आहे. एकच आजार, दोन खंड. त्यांनी रक्त तपासलं, आपण घोषणा तपासल्या. पँथर घेतला आणि दवाखाना सोडला.

खरं तर अमेरिकेकडं बघायचीसुद्धा गरज नव्हती. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईनं आणि डॉक्टर यशवंतानं पुण्याबाहेर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर टाकून तिनं दवाखान्यात आणलं. त्याच प्लेगानं १० मार्चला ती गेली. ब्लॅक पँथरच्या आधी सत्तर वर्षं! आपण तिचा फोटो लावतो. तिच्या पाठीवरचं पोर मात्र फोटोतून कापून टाकलंय.

आणि फोटोंचं, पुतळ्यांचं निघालंच आहे तर मालवणचं सांगतो. राजकोटावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा केला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, आणि मे २०२५ मध्ये त्याहून मोठा नवा उभासुद्धा झाला. शिवरायांशी आमचं भांडण नाही. पण नऊ महिन्यांत आभाळाएवढा पुतळा उभा करणाऱ्या सरकारला उपकेंद्राचं कुलूप उघडायला किती वर्षं लागतात? आणि हाच प्रश्न मी आपल्या जयंती मंडळांना विचारतो. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात रक्तदाब मोजायची किती यंत्रं येतात, याचा हिशेब करा. मला शिव्या द्या, पण हिशेब करा.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात. प्रत्येक बौद्धवाडीतल्या दोन पोरांनी, दोन पोरींनी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन मंजूर जागा किती, भरलेल्या किती, ते लिहून आणावं. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. लावणीच्या आधी लेप्टोच्या गोळ्या वाडीत आल्या का, ते आशाताईबरोबर दारोदार फिरून बघावं. नसतील आल्या तर तहसीलदाराच्या टेबलासमोर चिखलाच्या पायांनी बसावं. १४ एप्रिलला मिरवणुकीच्या आधी सकाळी तपासणीचं शिबिर लागावं. गिरणीत, कारखान्यात असाल तर धुळीच्या आजाराचं नाव मोठ्यानं घ्यावं. मी घेणार आहे. ठेकेदार काढील तर काढील.

कार्ड फाडा असं मी म्हणत नाही. चालतं तिथं चालवा. पण कार्डावर समाधान मानू नका. आयेनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून तिला द्यायचंय, आणि ते कागदावर लिहून देता येणार नाही. उपकेंद्राचं कुलूप निघेल, आत दिवा लागेल, खुर्चीवर नर्स बसलेली असेल, त्या दिवशी मी आयेला हात धरून तिथं नेणार. ती वाचू शकत नाही. पण उघडं दार तिला वाचता येतं.

जय भीम.