फाडलेल्या पानापासून सुरुवात

'वॉचमेन' मालिकेचा पहिला भाग २०१९मध्ये आला, तेव्हा सुरुवातीला दिसणारी ती जळती वस्ती अमेरिकेतल्याच कित्येकांना लेखकाच्या डोक्यातून आलेली वाटली. वस्ती खरी होती. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातलं ग्रीनवुड. कृष्णवर्णीयांची हॉटेलं, थिएटर, वर्तमानपत्रं, डॉक्टर, वकील, सगळं तिथे होतं आणि लोक तिला 'ब्लॅक वॉल स्ट्रीट' म्हणत. (सगळेच श्रीमंत होते असं नाही हं. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करून संध्याकाळी परतणारेही खूप होते. पण त्यांचा पगार खर्च व्हायचा तो ग्रीनवुडमध्येच.)

३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत ही वस्ती गोऱ्या जमावाने जाळली. सुमारे ३५ ब्लॉक बेचिराख झाले. रेडक्रॉसच्या मोजणीनुसार १,२५६ घरं जळाली. सरकारी कागदावर मृत्यू ३६, इतिहासकारांचा अंदाज मात्र ३००पर्यंत जातो. इतकी मोठी घटना पुढे कित्येक दशकं शाळेच्या पुस्तकांत आलीच नाही. मग ती आज आपल्याला कळते ती कशावरून?

सुरुवात फाडलेल्या पानापासून करावी लागते. ३० मे रोजी डिक रोलंड हा बूटपॉलिश करणारा १९ वर्षांचा मुलगा आणि सारा पेज ही लिफ्ट चालवणारी मुलगी यांच्यात लिफ्टमध्ये काहीतरी घडलं, बहुधा नुसता धक्का लागला. दुसऱ्या दिवशी 'टल्सा ट्रिब्यून'ने मुलीवर हल्ला झाल्याची बातमी छापली आणि संध्याकाळी कोर्टासमोर गर्दी जमली. पुढे या अंकाची मायक्रोफिल्म करायची वेळ आली, तेव्हा पहिल्या पानावरची ती बातमी आधीच कुणीतरी फाडून नेलेली होती. संपादकीय पानाचाही बराचसा भाग गायब. बातमी दुसऱ्या आवृत्तीत सापडली, संपादकीय आजवर नाही. त्या पानावर 'आज रात्री झुंडबळी' अशा अर्थाचा मथळा होता, असं काही वृद्ध सांगत आले. होता का? चांगला इतिहासकार इथे 'होताच' म्हणत नाही, 'लोकांना तसं आठवतं' एवढंच लिहून थांबतो. ज्या रोलंडवरून हे सगळं पेटलं, त्याच्यावरचा खटला पुढे काढून टाकण्यात आला.

आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात महाग शब्द 'दंगल' आहे. सरकारी कागदांत, वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं तोच शब्द. दंगल म्हटली की दोन्ही बाजू आल्या, आणि दोन्ही बाजू आल्या की दोष वाटून टाकता येतो. ग्रँड ज्युरीने तर तो वाटलाही नाही. कोर्टापाशी हत्यारं घेऊन आलेल्या कृष्णवर्णीयांवरच ठेवला. ते आले होते रोलंडला जमावापासून वाचवायला. शिवाय विम्याच्या करारात दंगलीतल्या नुकसानीची भरपाई नाही असं कलम असायचं. रेडफर्न नावाच्या एका मालकाने विमा कंपनीला कोर्टात खेचलं, तेव्हा १९२६मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर कंपनीच्या बाजूने निकाल दिला. एका शब्दापायी लोकांची आयुष्यभराची कमाई बुडाली. म्हणून प्रोजेक्टमध्ये 'टल्सा दंगल' लिहिताना हात जरा थांबू द्या. आज तिथले अभ्यासक 'हत्याकांड' लिहितात.

दुसरी बाजू लिहून ठेवणारेही होते. मेरी जोन्स पॅरिश टायपिंग शिकवायच्या. गोळीबारातून लेकीला घेऊन त्या निसटल्या आणि नंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या साक्षी गोळा केल्या. त्यांचं छोटंसं पुस्तक फार थोड्या प्रतींत निघालं. वकील बक कोलबर्ट फ्रँकलिन जळालेल्या वस्तीत तंबू ठोकून लोकांचे खटले लढत होते. पुन्हा घरं बांधणं अशक्य व्हावं म्हणून शहराने काढलेला बांधकामाचा नियम त्यांनी रद्द करवून घेतला. १९३१मध्ये त्यांनी आठवणींची दहा पानं टाइप केली. ती २०१५मध्ये सापडली आणि आता स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहेत. वस्तीवरून विमानं फिरत होती, असं दोघंही लिहितात. अधिकारी म्हणाले, विमानं फक्त टेहळणीला होती. एक साक्ष झटकून टाकता येते. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या दोन झटकायच्या, तर कारण द्यावं लागतं.

आणि फोटो. जळत्या ग्रीनवुडचे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं करण्यात आली. त्यांतल्या एकावर, कृष्णवर्णीयांना टल्सातून पळवून लावतोय, अशा अर्थाची ओळ आहे. पुरावा म्हणून हे फोटो अमोल आहेत, पण कॅमेऱ्यामागे कोण उभा होता हे विसरून ते पाहता येत नाहीत. स्लाइडवर ते चिकटवताना खालची ओळ कापू नका.

शोध अजून चालू आहे. ओकलॉन दफनभूमीत २०२०पासून खोदकाम सुरू आहे आणि २०२४मध्ये तिथल्या एका सांगाड्याची ओळख पटली. सी. एल. डॅनियल, पहिल्या महायुद्धाच्या काळातला सैनिक. त्याचं नाव मिळालं ते डीएनएवरून. आणि तो मेला कसा, हे कळलं एका पत्रातून. मुलामागे आपल्याला काही मदत मिळावी म्हणून त्याच्या आईच्या वकिलाने १९३६मध्ये माजी सैनिकांच्या खात्याला लिहिलं होतं, की हा मुलगा १९२१मध्ये टल्सात मारला गेला. ते पत्र सरकारी दप्तरात तेव्हापासून पडून होतं.