आरोग्यचिंतन : मधुमेह आणि मूत्रपिंडांचें भवितव्य

लोणावळ्याहून चिक्कीचा पुडा न घेतां परतणारा प्रवासी विरळाच. आणि मावळांतील पंक्तींत इंद्रायणीच्या वाफाळत्या भाताला नको म्हणणें मोठें कठीण. मधुमेही मनुष्याला हा संकोच रोजचाच. परंतु त्याच्या साखरेची काळजी वाहणारीं घरेंहि मूत्रपिंडांची विचारपूस क्वचितच करतात, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

मूत्रपिंडें मुकाट्यानें झिजतात. पायांवर सूज येऊन अन्नावरची वासना उडेपर्यंत पुष्कळ हानि झालेली असते. मात्र तिची चाहूल आधीं लागूं शकते. लंडनचे व्हिबर्टी यांनीं १९८२ मध्यें व डेन्मार्कचे मोगेन्सेन यांनीं १९८४ मध्यें दाखविलें कीं, लघवींतून अल्ब्युमिन हें प्रथिन थोडेंसेंहि जाऊं लागलें, तरी पुढें विकार बळावण्याचा संभव वाढतो. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागें अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आंत असावें. ३०० च्या वर गेल्यास दोष गंभीर समजावा. दुसरी खूण रक्तांतील क्रिएटिनिनवरून काढलेल्या गाळणीच्या वेगाची. तो मिनिटास ६० मिलिलिटरच्या खालीं तीन महिने राहिला, तर तो जुनाट विकार होय. अशा रोग्याचें वय, लिंग व हे दोन आंकडे घेऊन पांच वर्षांत मूत्रपिंडें निकामी होण्याचा संभव सांगणारें गणित कॅनडाचे टांगरी व त्यांचे सहकारी यांनीं २०११ मध्यें मांडलें.

वळवण धरणाची एका दिवसाची पातळी पाहून पावसाळ्याचा अंदाज कोणी बांधीत नाहीं. येथेंहि तसेंच. तापानें किंवा अतिश्रमानें अल्ब्युमिन तात्पुरतें वाढतें. यास्तव तपासणी पुन्हा करून मगच निर्णय घ्यावा.

शिवाय हा आंकडा म्हणजे पत्रिकेंतील साडेसाती नव्हे. तो बदलतां येतो. रक्तदाब व साखर आटोक्यांत ठेवणें, वेदनाशामक गोळ्या मनानें न घेणें, हे उपाय आहेतच. २०१९ व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत ग्लिफ्लोझिन वर्गाच्या औषधांनीं ही झीज मंदावल्याचें सिद्ध झालें. तीं वैद्यांच्या सल्ल्यानेंच घ्यावींत.

प्रौढपणीं मधुमेह जडलेल्यांनीं निदान होतांच, व पुढें प्रतिवर्षीं, या दोन्ही तपासण्या कराव्यात. गृहिणींनीं आंकडे तारखेसह वहींत उतरून ठेवावेत, आणि घरीं कामास येणाऱ्या मधुमेही बाईलाहि हें आवर्जून सांगावें. डायालिसिसच्या खाटेपर्यंतची वाट लांबविणें पुष्कळदां एवढ्या दक्षतेनें साधतें.