मधल्याची बाजू

आपल्याकडे मधल्या माणसाला कोणी चांगलं म्हटल्याचं ऐकिवात नाही. मंचरच्या बाजारात कांदा पडला की शिव्या दलालाला, लग्न फसलं की मध्यस्थाला आणि खात्यात पैसे नसले की काउंटरवरच्या कारकुनाला. मी त्यातला शेवटचा. इकडे रांग, तिकडे मॅनेजर आणि मध्ये मी, अशी माझी अर्धी नोकरी गेली. तेव्हा गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायच्या एका क्षुद्र डबीची वकिली करायला माझ्याइतका लायक माणूस जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. डबीचं नाव बफर.

तुम्ही म्हणाल, गिटारचा आणि या मुलखाचा काय संबंध? अहो, नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी! विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. चैत्रातल्या जत्रा जवळ आल्या की इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. गण-गवळण असतेच, पण पब्लिकला सिनेमाची गाणीही लागतात. मग ढोलकीशेजारी कीबोर्ड येतो आणि गिटारही येते. आमच्या शाखेतल्या शिपायाचा मुलगा अशाच एका फडात गिटार वाजवतो. बोटं चांगली आहेत, नशीब लांब वायरीला बांधलेलं आहे.

त्याचं असं होतं. अ‍ॅम्प्लिफायर असतो स्टेजच्या मागच्या अंगाला आणि इकोची पेटी पुढे, त्याच्या पायाशी. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात स्वर अर्ध्यावर आला की 'सेंड'च्या भोकातून बाहेर पडतो, इकोला भेटतो आणि 'रिटर्न'च्या भोकातून परत आत शिरतो. या फेऱ्याला इफेक्ट्स लूप म्हणतात. जाऊन-येऊन पंधरा मीटर वायर. इको बंद ठेवला तरी हा वळसा चुकत नाही. परत येईस्तोवर स्वराची रया गेलेली असते. वरचा लखलखीत भाग वाटेत गळतो आणि गिटार घोंगडी पांघरून वाजवल्यासारखी ऐकू येते.

यावर फडमालकाचा निकाल ठरलेला: "पोराचा हात अजून बसला नाही." साउंडवाल्याचा उपायही ठरलेला: ट्रेबल वाढव. ट्रेबलबरोबर खरखर वाढते, पहिल्या रांगेतली म्हातारी कानावर पदर ओढते आणि शेवटी पोराची बिदागी कमी होते. गुन्हा वायरीचा, दंड बोटांना!

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे हिशेबाशिवाय बोलत नाही. गिटारच्या वायरीत दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड साठवण असते; 15 मीटरला झाले 1500. काही जुन्या घाटाच्या अ‍ॅम्प्लिफायरांत सेंडच्या तोंडाशी 100 किलोओहमच्या आसपास अडथळा असतो. या दोघांची गाठ पडली की साधारण 1000 हर्ट्झच्या वरचे स्वर उतरणीला लागतात. चांगला कान ऐकतो 20000 पर्यंत. म्हणजे वरचा सगळा मजला गळका! सेंडला लागूनच बफर बसवला, तर तो अ‍ॅम्प्लिफायरपासून जवळजवळ काहीच ओढून घेत नाही आणि पुढे वायरीला ताकदीने ढकलतो. अडथळा 1 किलोओहमवर आला की तीच गळती 1 लाख हर्ट्झच्या पलीकडे जाते. तिथे ऐकायला वटवाघळं. आणि ती तिकीट काढत नाहीत.

हे सगळं ऐकून फडमालकाने पोराला एकच प्रश्न विचारला, "याने आवाज वाढतो का?"

"नाही, मालक. जेवढा आत जातो तेवढाच बाहेर येतो."

"मग पैसे कशाचे द्यायचे?"

माझं भांडण आहे ते या प्रश्नाशी. वाढवतो त्यालाच आपण कामाचा समजतो. मोठा कर्णा घ्यायला आपण कर्ज काढू. जे आहे ते वाटेत सांडू नये म्हणून चार पैसे टाकताना मात्र आपला हात खिशातच अडकतो. आमच्या बँकेतही ठेवी आणणाऱ्याला हार घालतात; रोज संध्याकाळी पैशापैशाचा मेळ घालणाऱ्याला घरी जायला उशीर होतो, एवढंच.

ज्यांना माझा शब्द हलका वाटतो त्यांनी नारायणगावाजवळच्या खोडदला जावं. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, पार 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आकाशातून येणारा स्वर अगदी क्षीण. म्हणून पहिला अ‍ॅम्प्लिफायर तिथे तबकडीवरच, स्वर पकडणाऱ्या भागाजवळ बसवलेला असतो. पुढचा लांबचा प्रवास नंतर. तो नुसता बफर नव्हे, तो स्वर वाढवतोही, हे कबूल. पण जागा बघा! लांब वाटेला लागण्याआधीच बंदोबस्त. आमच्याकडे काही शहाणे बफर आणतात आणि वायरीच्या शेवटच्या टोकाला जोडतात. सांडलेलं तो कुठून भरून आणणार? चोरी झाल्यावर नेमलेला वॉचमन तो!

उगाच भक्तीही नको. पुष्कळ नव्या अ‍ॅम्प्लिफायरांच्या लूपमध्ये बफर मुळातच असतो. तिथे आणखी एक लावणं म्हणजे एका काउंटरवर दोन कारकून बसवणं. काम तेवढंच, चहा दोन.

तेव्हा फडमालकांना हात जोडून एवढंच सांगणं आहे. पोराची बिदागी कापण्याआधी इकोची पेटी बाजूला काढा आणि सेंड-रिटर्न हातभर वायरीने जोडून त्याला तेच गाणं वाजवायला लावा. आवाज एकदम उघडला, तर हात बसलेला आहे. पैसे पुरे द्या आणि डबी आणा. नाहीच उघडला, तर पोराला खुशाल बोला. मधल्याला तेवढं बोलू नका.