ओझे चाकावर घ्या!



डिसेंबर जवळ आला की आपल्या वाड्यावाड्यांतून एकच बोलणे कानी पडते. "औंदा दादराक कोण कोण येतत?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे, "पण सामान उचलतलो कोण?" पहिल्या प्रश्नाला उत्साहाने उत्तर मिळते. दुसऱ्या प्रश्नाला घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शेवटी कित्येक घरांत ठरते काय, तर आजीने घरी राहायचे. तिला हात धरून न्यायचे आणि पिशव्याही उचलायच्या, हे एकदम जमत नाही. म्हणजे पिशव्या दादरला जातात आणि ज्या माऊलीने आयुष्यभर बाबांचे नाव घेतले ती ओटीवर बसून राहते!

म्हणून या वेळी आम्ही सामान ओढण्याच्या गाडीबद्दल लिहीत आहोत. विषय लहान वाटेल, पण त्यावर घरातले एक माणूस येणार की राहणार हे ठरते.

आपले लोक नुसते दर्शन घेऊन परतणारे नव्हेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर आपण मुक्कामाला जातो. अंथरूण, पाणी, भाकरतुकडा सगळे बरोबर असते. हे सण नव्हेत, अभिवादनाचे दिवस आहेत. पण मुक्काम म्हटला की सामान आलेच.

आधी हिशेब मांडू. आम्ही कारकून माणसे, आकड्यांशिवाय आमचे पान हलत नाही. पाच माणसांचे घर, दोन रात्रींचा मुक्काम. चटया दोन किलो, चादरी-गोधड्या सहा किलो, ताडपत्री तीन किलो, कपडे सहा किलो, भाकऱ्या, सुक्या सुंगटांची चटणी, पोहे, लाडू मिळून पाच किलो आणि दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. बेरीज झाली बत्तीस किलो. परत येताना पाणी आणि खाणे मिळून पंधरा किलो उतरतात. पण शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ, फोटो, दिनदर्शिका घेतल्या की सात-आठ किलो पुन्हा चढतात. म्हणजे येतानाही पंचवीस किलो आहेतच. हे वजन पाच जणांत सारखे वाटले तर कोणालाच जड नाही. पण सारखे वाटले जाते का? एक म्हातारे, दोन लहान. उरले दोघे. त्या दोघांतही जड बोचके कोणाच्या डोक्यावर असते, ते प्रत्येक घराने आपापले तपासावे.

आता गाडी. बाजारात साधारण दोन तऱ्हा मिळतात. पहिली दोन चाकांची, उभी, घडी होणारी. तिच्या पाटावर पिशव्या रचायच्या आणि हूक लावलेल्या रबरी दोरीने आवळायच्या. ही दोन ते पाच किलोंची असते. दुसरी चार चाकांची, लोखंडी सांगाडा आणि कापडी खोका असलेली, छत्रीसारखी मिटणारी. हिच्यात सामान नुसते टाकले की झाले, बांधायला नको. पण ती रिकामीच आठ ते अकरा किलो भरते. दुकानदार दुसरीच पुढे करील, कारण ती दिसायला झोकदार असते. ओढायलाही सपाट रस्त्यावर ती सोपी आहे, कारण सगळे वजन चाकांवर असते, हातावर काहीच येत नाही. पण आपली वाट सपाट आहे का?

वाट डोळ्यांपुढे आणा. वाडीतून निघालो की पहिली पाणंद. मग जांभ्याच्या चिऱ्यांची घाटी. मग डांबरी सडक, एसटी किंवा रिक्षा. कुडाळ, कणकवली, सिंधुदुर्ग किंवा सावंतवाडी रोड स्थानक, तिथला पूल. गाडीतली गर्दी. तुतारी एक्स्प्रेसने गेलो तर ती दादरलाच संपते, पण उतरल्यावर पुलावरून पश्चिमेला यावे लागते. तिथून चैत्यभूमी दीड-दोन किलोमीटर, माणसांच्या समुद्रातून. आता या सगळ्या वाटेत गाडी ओढायची किती आणि उचलायची किती, ते मोजा. निम्म्या अडचणी उचलण्याच्या आहेत. जिन्यावर चार चाकांची भरलेली गाडी म्हणजे पालखीच, दोन्ही बाजूंनी माणूस लागतो. दोन चाकांची गाडी एक जण पाठमोरा होऊन पायरी-पायरीने वर खेचू शकतो. म्हणून चार-पाच माणसांच्या घराला आम्ही दोन चाकांची गाडी सुचवतो. चार चाकांची गाडी मोठ्या तुकडीला ठीक, जिथे उचलायला चार तरुण हात आहेत.

गाडीचा जीव चाकात असतो. चाक घेताना एक साधा नियम ध्यानात धरा. वाटेतला दगड किंवा पायरी चाकाच्या आसाइतकी उंच असली, तर गाडी कितीही पुढे ओढा, ती चढणार नाही. नुसती अडून बसेल. दोन इंची चाकाचा आस जमिनीपासून एक इंचावर असतो, त्याला एक इंचाचा खडाही डोंगर आहे. आठ इंची चाकाचा आस चार इंचांवर असतो, तोच खडा ते सहज ओलांडते. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी केलेली बारीक चाकांची पेटी आपल्या घाटीवर का रडते, ते यावरून कळेल. स्थानक आणि डांबरी रस्ता एवढेच काम असेल तर चार ते सहा इंची भरीव रबरी चाके पुरे. पाणंद आणि कातळ असेल तर आठ ते दहा इंची घ्या. हवेची चाके मऊ चालतात, पण पंक्चरचा धोका असतो. भरीव रबर जरा खडखडते, पण दगा देत नाही. मालवण-तारकर्लीच्या वाळूत राहणाऱ्यांना उंचीबरोबर रुंदीही पाहावी लागते. अरुंद चाक वाळूत सुरीसारखे रुतते. मऊ वाळूत तर दोघांनी गाडी उचलून सडकेपर्यंत नेणेच शहाणपणाचे.

दुकानात लाजू नका. गाडी उलटी करून चाक हाताने फिरवा. बेअरिंगचे चाक बराच वेळ निवांत फिरत राहते. नुसत्या प्लॅस्टिकच्या बुशावरचे लवकर थांबते. चाक डावी-उजवीकडे हलते का पाहा. शेजारच्या किराणा दुकानातून पंचवीस किलो तांदळाची गोणी मागून घ्या, गाडीवर ठेवा आणि उंबरा ओलांडून दाखवा म्हणा. लेबलावर ऐंशी किलो लिहिलेले असते, ते सपाट फरशीचे. आम्ही निम्मेच धरतो. हँडल पूर्ण बाहेर काढून घरातल्या सगळ्यांत बुटक्या मोठ्या माणसाच्या हातात द्या आणि सगळ्यांत उंच माणसाच्याही. दोघांनाही कमरेत न वाकता ओढता आले पाहिजे. ओढणाऱ्याचे शरीर पाहून गाडी घ्यावी, सामानाचा ढीग पाहून नव्हे.

रेल्वेचा नियमही माहीत हवा. स्लीपरच्या डब्यात माणशी चाळीस किलो आणि दुसऱ्या वर्गात पस्तीस किलो सामान मोफत नेता येते. म्हणजे वजनाची अडचण आपल्याला नाही. अडचण मापाची आहे. डब्यात न्यायच्या पेटीसाठी १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. मिटलेली गाडी यापेक्षा लहान असावी आणि बाकाखाली गेली पाहिजे. टेप खिशात घेऊनच दुकानात जा.

आणि गाडीवर काय चढवायचे नाही, तेही सांगतो. गॅसची शेगडी, छोटा सिलिंडर, रॉकेलचा स्टोव्ह अजिबात नको. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिक्षेची गोष्ट सोडा. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात लपवून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ माणसे गेली. चहासाठी एवढी किंमत? शिवाजी पार्कवर महापालिका मंडप, पाणी, शौचालये उभारते, कितीतरी संस्था जेवण वाटतात. चूल न्यायची गरजच नाही.

रचताना जड ते खाली आणि आसाच्या जवळ. पाणी, ग्रंथ तळाला, गोधड्या वर. वर जड ठेवले की गाडी वळणावर आडवी होते. ढीग कमरेच्या वर नेऊ नका. गर्दीत खुजी गाडी मागच्याला दिसत नाही आणि माणूस तिच्यावर अडखळतो. म्हणून तिला एक काठी बांधून वर निळे फडके लावा, आपल्या माणसांनाही लांबून ओळख पटेल. लहान मुलाला भरल्या गाडीवर बसवू नका. गर्दीच्या पुलावर गाडी ओढूच नका. सामान उतरवा, गाडी मिटवा, हातात घ्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक जीव गेले, ते मुंबई विसरलेली नाही. सरकत्या जिन्यावरही चाके टेकवू नयेत. आणि अभिवादनाच्या रांगेत गाडी नकोच. तळावर आळीपाळीने एकाने बसावे, सायकलचे कुलूप लावावे, गाडीवर नाव-गाव आणि फोन नंबर रंगवावा.

परत आल्यावर गाडी तशीच पडवीत फेकू नका. आपली हवा खारी आहे, आठ दिवसांत नटबोल्ट तांबडे होतात. गोड्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, आसाला ग्रीस लावा.

किंमत एका घराला जड जाईल हे आम्हाला ठाऊक आहे. मग एकट्याने घेताच कशाला? दहा घरांनी मिळून दोन गाड्या घ्याव्यात. महिला मंडळाच्या नावावर ठेवाव्यात, एक वही करावी, कोणी कधी नेली आणि कशा स्थितीत परत दिली ते लिहावे. वर्षभर त्याच गाड्या रेशनला, लग्नकार्याला, दवाखान्याला उपयोगी पडतील. वाडीतला वेल्डिंगवाला मुलगा जुन्या लहान सायकलची चाके आणि लोखंडी अँगल घेऊन अशी गाडी जोडून देऊ शकतो. ती मिटणार नाही, पण घर ते सडक या वाटेला तिच्यासारखी दुसरी नाही.

आता जरा मनातले. माणसाने १९६९ साली चंद्रावर पाय ठेवला. प्रवासाच्या पेटीला चाके लावून ओढण्याची कल्पना अमेरिकेतल्या बर्नार्ड सॅडो यांना सुचली ती त्यानंतर, १९७० साली. १९७२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. सुरुवातीला दुकानदार ती पेटी घेईनात, कारण पुरुषाने पेटी ओढायची हा कमीपणा वाटे. ओझे हे कोणाच्या तरी डोक्यावर असायचेच, अशी जगाची समजूत होती.

आपल्याकडे तर ती समजूत कायद्यात होती. वतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांना सरकारी टपाल आणि साहेबांचे सामान गावोगाव वाहावे लागे. १८७४ च्या वतन कायद्याने हे जू मानेवर ठेवले. ते उतरवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. वतने प्रत्यक्षात संपली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे दुसऱ्याचे ओझे आपल्या डोक्यावरून उतरायला एवढी वर्षे लागली.

मग आपल्याच घरातले ओझे घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर का राहावे? चुंबळ करून बोचके उचलायची सवय आपल्या आयाबायांना आहे, म्हणून ते त्यांचे काम ठरत नाही. गाडी आणली आणि तीही सुनेनेच ओढायची, तर चाके लावून उपयोग काय झाला? मैलामैलाला हात बदलावा. आधी बापाने ओढावी, मग मुलाने, मग मुलीने. म्हणजे आईचा एक हात मोकळा राहील.

त्या मोकळ्या हाताने तिने आजीचा हात धरावा. गेल्या वर्षी ओटीवर राहिलेली आजी यंदा दादरला आली पाहिजे. तुमच्या वाडीतून यंदा किती आज्या निघाल्या ते आम्हाला जरूर कळवा.

जयभीम!