गॅस संपत नसतो, गळत असतो

गेल्या वैशाखात आमच्या आत्याबाईंना निपाणीहून बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणायचे होते. वय चौऱ्याऐंशी आणि ऊन मुळीच न सोसणारे, म्हणून एस.टी.चा विचार सोडून आम्ही आमची वीस वर्षांची जुनी मोटार काढली. पंधरा दिवसांपूर्वीच तिच्या वातानुकूलन यंत्रात 'गॅस' भरून घेतला होता. एकाच उन्हाळ्यातली ती दुसरी खेप. तरीही मन निर्धास्त होते.

तवंदी घाट चढेपर्यंत वारा बऱ्यापैकी गार होता. संकेश्वर आले तो कोमट झाला, आणि हत्तरगीच्या पुढे केवळ गरम झळा येऊ लागल्या. आत्याबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "अरे, यापेक्षा एस.टी. बरी होती." त्या हसल्या खऱ्या, पण थोड्याच वेळात त्यांना भोवळ आली. झाडाच्या सावलीत गाडी उभी करून अर्धा तास त्यांना घोटघोट पाणी पाजत बसलो, तेव्हा आमचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका वयस्क मेस्त्रींकडे गाडी नेली व पुन्हा गॅस भरण्यास सांगितले. ते हसून म्हणाले, "सर, गॅस म्हंजे काय पेट्रोल हाय व्हय, जळून संपायला?"

त्या एका प्रश्नात सारे शास्त्र होते. हा वायू बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता टाकून द्रवरूप होतो, आणि आतल्या जाळीत पुन्हा वायुरूप होताना गाडीतील उष्णता शोषून घेतो. या फेऱ्यांत तो खर्च होत नाही. कमी झालाच तर कोठेतरी गळती आहे, असेच समजावे. वायूबरोबर तेलही फिरत असते. म्हणून ज्या सांध्यावर तेलकट धूळ चिकटलेली दिसेल, तेथे प्रथम संशय घ्यावा. मेस्त्रींनी नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावले; कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी बुडबुडे आले. तेथील सील कोरडे पडले होते.

आणि त्याचे कारण? आमच्या बेळगावची गार हवा! समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरच्या या गावात आम्ही वर्षातले दहा महिने ते बटण दाबतच नाही. यंत्र फिरले नाही की तेल सीलपर्यंत पोहोचत नाही, आणि कोरडे सील गळू लागते. ज्या हवेचा आम्हांस अभिमान, तिनेच आमचा घात केला होता.

प्रत्येक तक्रारीचे मूळ मात्र गॅसमध्ये नसते. गाडी धावताना गारवा मिळतो, पण उभी राहताच नाहीसा होतो, तर कंडेन्सरचा पंखा पाहावा किंवा जाळीतील धूळ धुवावी. वारा गार पण क्षीण असेल, तर आतली गाळणी तुंबलेली असते. बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरचा 'खट्' आवाज येत नसेल, तर आधी फ्यूज व रिले तपासावेत. पायांखाली पाणी साचले, तर पाणी बाहेर नेणारी नळी चोंदली आहे. घाटात इंजिन तापू लागले, तर एसी तत्काळ बंद करावा.

गळती काढल्यावरही मेस्त्रींना दोन गोष्टी विचाराव्यात. गॅस भरण्यापूर्वी पंपाने नळ्यांतील हवा व दमटपणा अर्धा तास तरी ओढून काढला काय? आणि गॅस वजन करून भरला काय? बॉनेटखालच्या पट्टीवर वजन लिहिलेले असते. जास्त भरल्यानेही गारवा कमीच होतो. नळ्या घरी मात्र उघडू नयेत, त्या द्रवाने कातडी व डोळे गोठून इजा होते.

१९९०च्या दशकातील वा त्याआधीच्या गाड्यांत बहुधा आर-१२ वायू असे. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर जगभर हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावीत नाही. पण वातावरण तापविण्यात तो कर्बवायूच्या हजारपटींहून अधिक प्रभावी आहे. तेव्हा गळती न काढता दरसाल गॅस भरणे म्हणजे स्वतःची गाडी गार करण्यासाठी सर्वांचे आभाळ तापविणे होय.

आता आम्ही दर रविवारी, हवा कशीही असो, दहा मिनिटे एसी चालवितो. पावसाळ्यात काचेवरचे धुकेही त्याने निवळते. परवा श्रावणातल्या झडीत आत्याबाईंना घेऊन येताना बटण दाबले, तशा त्या शाल घट्ट ओढीत म्हणाल्या, "वैशाखात भाजलंस, आता श्रावणात गोठवतोस होय रे?"

आम्ही मुकाट्याने ते बोलणे सोसले. ते ऐकण्यातही सुख होते.